सैन्यासाठी क्वांटम: नियोजन नेमकं कशाचं चाललंय?

कांजूरकर (धागाकर्ता) | सोम, रात्री १०:४०

मंडळी, हल्ली टीव्हीवर क्वांटम म्हटलं की मागे निळे गोळे फिरायला लागतात आणि अँकर ओरडतो की आता शत्रूची झोप उडणार. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये कोणीतरी मला धरतंच, तू डिफेन्सला माल देतोस ना, मग सांग की हे काय असतं. (मी देतो तो माल म्हणजे रेडिओ आणि नेटवर्कच्या डब्यांमधले बोर्ड. क्वांटमशी माझा संबंध टेंडरपुरता, पण त्या टेंडरवरूनच हा धागा सुचला.)

जे जाहीर आहे ते आधी. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने नॅशनल क्वांटम मिशन मंजूर केलं, ६००३.६५ कोटी, २०३०-३१ पर्यंत. चार हब आहेत, कॉम्प्युटिंग बंगळुरूच्या आयआयएससीकडे, कम्युनिकेशन आयआयटी मद्रासकडे, मटेरियल्स आयआयटी दिल्लीकडे आणि सेन्सिंग आपल्या पवईच्या आयआयटीकडे. हे सिव्हिलियन मिशन, डीएसटीचं (केंद्राचं विज्ञान-तंत्रज्ञान खातं). मग जानेवारी २०२६ मध्ये संरक्षण दल प्रमुख (सीडीएस) जनरल अनिल चौहान यांनी मिलिटरी क्वांटम मिशनचा पॉलिसी फ्रेमवर्क आणला, त्यात हेच चार खांब तिन्ही दलांसाठी घेतलेत. त्याआधी डीआरडीओचं काम चालूच होतं, म्हणजे २०२२ ला आयआयटी दिल्लीबरोबर प्रयागराज ते विंध्याचल १०० किमीहून जास्त फायबरवर क्वांटम की (संदेश कुलूपबंद करायची गुप्त चावी) पाठवून दाखवली, २०२४ ला पुण्याच्या डीआरडीओ लॅबने आणि कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने मिळून ६ क्युबिटचा (क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट) प्रोसेसर टेस्ट केला, मे २०२५ ला दिल्लीत मेटकाफ हाऊसला वेगळं सेंटर काढलं.

सगळं चांगलं आहे, अभिमान वगैरे आहेच. पण मला असं दिसतंय की चर्चा सगळी "किती क्युबिट झाले" यावर अडकते. सैन्याच्या दृष्टीने आजचा प्रश्न वेगळा आहे. आज जो रेडिओ, जो राऊटर, जी मिसाईल कंट्रोलची सिस्टिम विकत घेतली जातेय ती २०-२५ वर्षं वापरात राहणार. तिच्यातलं एन्क्रिप्शन आणि डिजिटल सही आरएसए किंवा एलिप्टिक कर्व्हवर (आजची नेहमीची गणिती कुलुपं) असेल तर मोठा क्वांटम कॉम्प्युटर आला की ती उघडी पडणार, हे गणितज्ञ पीटर शोरने १९९४ लाच गणितात दाखवून ठेवलंय. आणि समोरचा आज नुसतं रेकॉर्ड करून ठेवेल, फोडेल नंतर. म्हणजे खरं नियोजन आजच्या टेंडरमध्ये काय लिहायचं याचं हवं. ते होतंय का?

---

गिरगावचा_गण्या | सोम, रात्री ११:०२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. 🍿

रच्याकने (बाय द वे), आधी जवानांना नीट बूट आणि जॅकेट द्या मग क्वांटम करा. माझं स्पष्ट मत.

---

कांजूरकर | सोम, रात्री ११:१०

गण्याभाऊ, संरक्षणाचं २०२५-२६ चं बजेट ६.८१ लाख कोटी होतं. क्वांटम मिशनचे आठ वर्षांचे सगळे पैसे मिळून त्यातल्या एका वर्षाचा एक टक्कासुद्धा होत नाहीत. बूट यामुळे अडलेले नाहीत.

---

माजी_सिग्नलवाला | मंगळ, सकाळी ६:२५

कांजूरकर, मुद्दा बरोबर मांडलात पण अर्धाच. मी सिग्नल्समध्ये नोकरी केली, आता ठाण्यात पेन्शन खातोय. सांगण्यासारखं तेवढंच सांगतो.

फील्डमधला रेडिओ आरएसए वापरून एकमेकांशी चाव्या ठरवत बसत नाही हो. तिथे सिमेट्रिक चावी असते, म्हणजे दोन्हीकडे तीच, आधीच भरलेली. आमच्या काळी चावीचे कागद यायचे सीलबंद पाकिटात, रजिस्टरला सही, दिवस संपला की तो कागद जाळायचा, आणि जाळला म्हणून दोघांच्या सहीचं सर्टिफिकेट. पावसात काडी पेटत नाही म्हणून अधिकाऱ्याची बोलणी खाल्लीत मी. नंतर कागद गेले, चावी भरायचं यंत्र आलं, रजिस्टर मात्र राहिलं. अशा चावीचं क्वांटम कॉम्प्युटर फार वाकडं करू शकत नाही. २५६ बिटची एईएस (नेहमीची सिमेट्रिक पद्धत) असेल तर ग्रोव्हरच्या क्वांटम शोधपद्धतीने तिची ताकद जास्तीत जास्त १२८ बिटला येते आणि १२८ पण कोणाला फुटत नाही.

धोका आहे तो मागच्या बाजूला. ई-मेल, व्हीपीएन, स्मार्ट कार्ड, कागदपत्रांवरच्या डिजिटल सह्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सॉफ्टवेअर अपडेटवरची सही. ती सही खोटी करता आली तर शत्रू तुमच्याच रेडिओत त्याचं फर्मवेअर तुमच्याच माणसाच्या हातून भरवेल. मग चावी कितीही लांब असू दे.

---

कांजूरकर | मंगळ, सकाळी ९:१५

काका, हे लाखातलं बोललात. अपडेटवरच्या सहीकडे कोणाचं लक्षच नसतं.

आता माझ्या बाजूची अडचण ऐका, ट्रेनमध्ये उभा राहून टाइप करतोय सांभाळून घ्या. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ ला पोस्ट-क्वांटमचे, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरलाही फुटू नयेत अशा क्रिप्टोचे, तीन स्टँडर्ड काढले, एमएल-केम, एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए. हे साध्या कॉम्प्युटरवर चालतात, क्वांटम मशीन काही लागत नाही, सॉफ्टवेअर बदललं की झालं असं लोकांना वाटतं. पण साइझ बघा. एलिप्टिक कर्व्हची सही ६४ बाइटची, एमएल-डीएसएची मधल्या लेव्हलची सही ३३०९ बाइटची. ऑफिसातल्या फायबरवर काय फरक पडत नाही. पण लांब पल्ल्याच्या एचएफ (शॉर्टवेव्ह) रेडिओवर २४०० बिट सेकंदाला हा चांगला स्पीड समजतात, तिथे ही एक सही जायला ११ सेकंद, जुनी पाव सेकंदात जायची. ११ सेकंद ट्रान्समीटर चालू म्हणजे समोरच्याला तुमची दिशा शोधायला आयतं आवतण. म्हणजे नुसतं "अल्गोरिदम बदला" असा जीआर काढून भागत नाही, मेसेजचा फॉरमॅट, मेमरी, कधी कधी चिपच बदलावी लागते.

---

पवईची_पोर | मंगळ, दुपारी १:३०

धागा आवडला. मी फिजिक्सची, पीएचडी चालू आहे (कुठे ते आयडीवरून कळलंच असेल 😅), मतं माझी स्वतःची.

तुम्ही सगळे कॉम्प्युटर आणि क्रिप्टोवरच बोलताय. सैन्याला सगळ्यात आधी उपयोग होणार तो सेन्सिंगचा, कारण तिथे हजार क्युबिट लागत नाहीत. उदाहरण देते. हिऱ्यात कार्बनच्या जागी एक नायट्रोजन आणि शेजारी एक रिकामी जागा असा दोष असतो, एनव्ही सेंटर म्हणतात. त्यावर हिरवा लेसर टाकला की लाल प्रकाश येतो, आणि २.८७ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हला तो लाल प्रकाश जरासा मंद होतो. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र बदललं की ही फ्रिक्वेन्सी सरकते, एका नॅनोटेस्लाला साधारण २८ हर्ट्झ. तेवढं मोजता आलं की झाला मॅग्नेटोमीटर, तोही रूम टेंपरेचरला, फ्रीज नाही काही नाही.

पाणबुडी शोधणे, जीपीएस बंद पडलं तर दिशा काढणे, असं सगळं यात येतं. पण पेपरमध्ये छापतात ना की "क्वांटम सेन्सरपुढे पाणबुडी लपूच शकणार नाही", ते सोडून द्या. पाणबुडीचं क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं, अंतर दुप्पट झालं की सिग्नल आठवा हिस्सा. सेन्सर हजार पट संवेदनशील केला तरी पल्ला दहा पटच वाढतो, आणि तोपर्यंत समुद्राच्या लाटा, खडक, तुमचं स्वतःचं विमान या सगळ्यांचा आवाज सिग्नलच्या वर गेलेला असतो.

---

गिरगावचा_गण्या | मंगळ, दुपारी १:४८

ताई हे समजलं. पहिल्यांदा कोणीतरी मराठीत सांगितलं.

---

अलिबाग_से_नाही_आया | मंगळ, दुपारी ३:०५

आवाजावरून आठवलं म्हणून अवांतर. मुंबईत चुंबकीय मोजमाप कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून चालायचं. मग शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, त्यांच्या करंटने सगळी मोजणी बिघडली असती म्हणून १९०४ पासून अलिबागला चुंबकीय वेधशाळा चालू केली, ती अजून आहे. म्हणजे सेन्सर कितीही भारी असला तरी तो कुठे ठेवायचा हा प्रश्न आपल्याकडे सव्वाशे वर्षं जुना आहे.

आयडीवरून कोणी विनोद करू नये, वैताग आलाय.

---

पवईची_पोर | मंगळ, दुपारी ३:३०

हे अवांतर नाहीच! उलट हाच माझा पुढचा मुद्दा होता. चुंबकीय क्षेत्रावरून नेव्हिगेशन करायचं तर नुसता सेन्सर घेऊन काय करणार, तुलना करायला नकाशा पाहिजे. समुद्राच्या तळाच्या खडकांमुळे क्षेत्रात जे बारीक चढउतार होतात त्यांचा नकाशा. गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीचं पण तसंच. अरबी समुद्राचा असा बारीक नकाशा बनवायला जहाजं फिरवावी लागतात, वर्षानुवर्षं. सेन्सर उद्या कोणी विकत पण देईल, आपल्या समुद्राचा नकाशा कोण देणार? नियोजन करायचं तर हे सर्वे आत्ताच चालू हवेत, सेन्सर तयार होईपर्यंत थांबून नाही.

---

डॉकयार्डवाला | मंगळ, रात्री ८:५०

माझगाव परिसरात आयुष्य गेलंय, नोकरीचं जास्त सांगत नाही. पाणबुडीचं दुखणं सांगतो. पाण्याखाली जीपीएस येत नाही, आपली उपग्रहांची नाविक सिस्टिम येत नाही, रेडिओच्या त्या लहरी पाण्यात शिरतच नाहीत. मग आत इनर्शियल सिस्टिम असते, आपण किती वळलो किती सरकलो याचा हिशोब ठेवत जाते, आणि त्या हिशोबात चूक साठत जाते. शेवटी जागा पक्की करायला वर यायचं आणि मास्ट बाहेर काढायचा, म्हणजे दिसायचा चान्स. थंड केलेल्या रुबिडियमच्या अणूंवर चालणारे क्वांटम अ‍ॅक्सिलरोमीटर ही चूक कमी करू शकतात म्हणतात. ब्रिटनने मे २०२४ ला विमानात नेऊन ट्रायल केली होती.

माझा प्रश्न पोरीला, लॅबमध्ये टेबलाला हवेचे पाय असतात, आमच्याकडे खाली डिझेल इंजिन धडधडतं. चालेल का?

---

पवईची_पोर | मंगळ, रात्री ९:२०

काका, खरं सांगू का, एकटं नाही चालत. अणू थंड करून सोडायचे, पडताना लेसरने मोजायचं, परत नवे थंड करायचे, यात दोन मोजण्यांच्या मध्ये सेन्सर आंधळा असतो. म्हणून जोडी लावतात. नेहमीचा जायरो-अ‍ॅक्सिलरोमीटर सतत चालू, आणि क्वांटमवाला मधूनमधून त्याची चूक काढत राहतो. आणि तुम्ही म्हणता ते कंपनच खरी परीक्षा. त्यामुळे प्लॅनमध्ये लॅबचे पैसे वेगळे आणि बोटीवर चाचणीचा वेळ वेगळा धरला पाहिजे. नेव्हीने वर्षातून थोडे दिवस एखादी जुनी बोट दिली ना, तर आमच्यासारख्यांचं अर्धं काम होईल.

---

चेंबूरचा_शंकेखोर | मंगळ, रात्री ११:५५

हे सगळं ठीक पण क्वांटम की डिस्ट्रिब्युशनबद्दल (क्यूकेडी, प्रकाशाच्या कणांवरून गुप्त चावी पाठवणं) कोणी बोलतच नाही, आपली सगळी बढाई तर त्यावरच आहे. "हॅक होऊच शकत नाही, भौतिकशास्त्राचा नियम आहे." मग अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था उघडपणे का सांगते की नॅशनल सिक्युरिटी सिस्टिमसाठी आम्ही हे सुचवत नाही? ते मूर्ख आहेत का?

---

माजी_सिग्नलवाला | बुध, सकाळी ६:४०

मूर्ख नाहीत. त्यांचे आक्षेप मला सिग्नलवाला म्हणून पटतात. एक, समोर आपलाच माणूस आहे हे क्यूकेडी स्वतः सिद्ध करत नाही, त्याला वेगळी व्यवस्था लागते. दोन, कोणी मध्ये लुडबूड केली की ते कळतं आणि लिंक थांबते, पण मग लढाईत शत्रूला एवढंच करायचंय की लुडबूड करत राहायचं. तीन, अंतर.

---

कांजूरकर | बुध, सकाळी ९:२०

अंतराचं गणित मी देतो. चांगल्या फायबरमध्ये किलोमीटरला ०.२ डीबी लॉस. १०० किमीला शंभरातला एक फोटॉन पोचतो, २०० किमीला दहा हजारातला एक, ५०० किमीला हजार कोटीतला एक. साध्या फायबरवर मध्ये अ‍ॅम्प्लिफायर टाकतो, इथे टाकता येत नाही कारण अनोळखी क्वांटम अवस्थेची कॉपीच होत नाही, ती होत नाही म्हणून तर हे सुरक्षित. मग दर शंभरेक किलोमीटरला एक खोली, तिथे चावी उघडते आणि पुढच्या टप्प्यासाठी नव्याने गुंडाळली जाते. चीनची बीजिंग-शांघाय २००० किमीची लाइन आहे, त्यात अशा ३२ जागा आहेत. प्रत्येक जागी पहारा, वीज, एसी आणि विश्वासू माणूस. मुंबईत तर पावसाळ्याआधी रस्ता खोदताना फायबर तुटला की दोन दिवस बोंब, ते वेगळंच.

पण शंकेखोर, म्हणून ते फुकट आहे असं पण नाही. जून २०२५ ला डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने फायबरशिवाय, हवेतून, एक किमीहून जास्त अंतरावर एंटँगलमेंट (दोन फोटॉनची क्वांटम जोडी) वापरून क्यूकेडी करून दाखवलं, चावीचा वेग सेकंदाला साधारण २४० बिट. लोक हसले की २४० बिट म्हणजे काय. अरे चावी २५६ बिटची, म्हणजे सेकंदा-दीड सेकंदाला एक नवी चावी! काका दिवसाला एक कागद जाळायचे. मुख्यालय ते मुख्यालय अशा ठरलेल्या जोड्यांसाठी हे कामाचं आहे. आर्मीने २०२२ ला आयडेक्स या संरक्षण-स्टार्टअप योजनेमधून बंगळुरूच्या क्यूएनयू लॅब्सची सिस्टिम घ्यायचं ठरवलं ते १५० किमीच्या वरच्या टप्प्यासाठी. ज्या ठिकाणी जागा पक्की, फायबर आपला, पहारा आधीच आहे, तिथे लावा. डोंगरात चालत्या गाडीवर पोस्ट-क्वांटम सॉफ्टवेअर. दोन्ही लागणार, फक्त कुठे काय हे कोणीतरी बसून लिहिलं पाहिजे.

---

प्राचीन_विज्ञानी | बुध, सकाळी १०:०५

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

गिरगावचा_गण्या | बुध, सकाळी १०:०९

अरे काढला का, मी वाचला होता. विमानावरून थेट क्वांटमवर गेले होते. 😂

---

अणुशक्तीनगर | बुध, दुपारी २:१५

कॉम्प्युटिंगवाल्यांसाठी एक गोष्ट जी बातम्यांत येत नाही. टीआयएफआरचा जो सुपरकंडक्टिंग प्रोसेसर आहे तसली चिप चालवायला डायल्यूशन फ्रीज लागतो, मिलिकेल्विनमध्ये, अवकाशापेक्षा थंड. टीआयएफआरच्या ओपन डेला कधी गेलात, नेव्हीनगरमधून आत, तर लो टेंपरेचरच्या मशीनजवळ उभं राहून ऐका, पल्स ट्यूबचा (थंड करणारा भाग) एकसुरी चिक् चिक् आवाज येत राहतो, सेकंदाला एक-दीड. हे फ्रीज बनवणारे मोठे लोक फिनलंड आणि ब्रिटनमध्ये. सप्टेंबर २०२४ पासून अमेरिकेने क्वांटम कॉम्प्युटर आणि असल्या क्रायोजेनिक सामानावर निर्यातीचे नियम लावलेत, बाकी काही देशांनीही तसलेच. आणि आत लागतो हेलियम-३, तो सहसा जमिनीतून काढत नाहीत, ट्रिटियमच्या क्षयातून मिळतो, ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. जड पाण्याच्या अणुभट्ट्यांमध्ये ट्रिटियम तयार होतं आणि तसल्या भट्ट्या आपल्याकडे भरपूर. नियोजन करणाऱ्यांनी अणुऊर्जा आणि क्वांटम ही दोन खाती एका टेबलावर बसवावीत अशी माझी इच्छा. जास्त बोलत नाही.

---

चेंबूरचा_शंकेखोर | बुध, दुपारी २:४०

+१. हा प्रतिसाद सोन्यात मढवा.

पण कांजूरकर, घाई कशाची? डीआरडीओ-टीआयएफआरचे ६ क्युबिट, आरएसए फोडायला कोट्यवधी लागतात म्हणे.

---

कांजूरकर | बुध, रात्री १०:१५

"म्हणे" जुनं झालं. २०१९ ला गूगलच्या क्रेग गिडनीचा अंदाज होता दोन कोटी क्युबिट. मे २०२५ ला त्यानेच नवा पेपर काढला, दहा लाखांपेक्षा कमी, आठवड्याभरात. मशीन वाढतंय एका बाजूने आणि गरज कमी होतेय दुसऱ्या बाजूने. अजून कोणाकडे दहा लाख नाहीत हे खरं, पण आपल्या खरेदीचा वेग विसरू नका. एओएन (गरजेची मंजुरी), मग आरएफपी (निविदा), मग ट्रायल, मग परत ट्रायल कारण आधीच्या ट्रायलला उन्हाळा नव्हता, मग किमतीची घासाघीस. सही होईपर्यंत चिप बंद झालेली असते.

अमेरिकेने २०२२ ला आधी काय केलं तर सगळ्या खात्यांना सांगितलं की तुमच्याकडे कुठे कुठे कुठलं एन्क्रिप्शन आहे त्याची यादी द्या. कंटाळवाणं काम, त्याचा फोटो पेपरात येत नाही. यादीवरून खर्च काढला, २०२५ ते २०३५ साठी ७१० कोटी डॉलर, आणि त्यात लष्करी सिस्टिम धरलेल्याच नाहीत. एनएसएचा नियम आहे की १ जानेवारी २०२७ पासून नॅशनल सिक्युरिटीसाठी नवीन घ्याल ते नव्या अल्गोरिदमचंच. तारीख आहे बघा, "लवकरात लवकर" नाही. तारीख असली की माझ्यासारखा वेंडर आपोआप कामाला लागतो, कारण नाहीतर बिड बाद.

आपल्या फ्रेमवर्कमधून मला हे असं हवंय. चार खांब बरोबर आहेत. आता खरेदीच्या कागदात एक ओळ, अमुक तारखेनंतर येणाऱ्या प्रत्येक उपकरणात क्रिप्टो बदलता आली पाहिजे, डबा न बदलता.

---

डॉकयार्डवाला | बुध, रात्री १०:४०

ओळ लिहाल हो, पण ती पाळणाऱ्याचा माल महाग होणार आणि एल-वनमध्ये (सगळ्यात कमी बोलीत) दुसरा जाणार. जास्त मेमरी, मोठी चिप, कोण घालेल स्वतःच्या खिशातून?

---

कांजूरकर | बुध, रात्री ११:०५

तेच ना. ऐच्छिक ठेवलं तर कोणीच घालणार नाही, मी पण नाही, खोटं कशाला बोलू. म्हणून ती ओळ अनिवार्य पाहिजे, म्हणजे सगळ्यांचाच माल सारखा महाग. सध्या एका टेंडरमध्ये "एन्क्रिप्शन: आरएसए २०४८ किंवा समकक्ष" असं छापलंय, माल पुढची वीसेक वर्षं चालवायचाय. पुढच्या आठवड्यात प्री-बिड मीटिंग आहे, तिथे विचारणार आहे की पोस्ट-क्वांटम समकक्ष धरणार का आणि जादा मेमरीचा खर्च दरात धरता येईल का.

---

माजी_सिग्नलवाला | गुरु, सकाळी ६:१५

लेखी विचारा. तोंडी विचारलेलं मिनिट्समध्ये येत नाही, लेखी प्रश्नाला सगळ्या बिडर्सना लेखी उत्तर पाठवावं लागतं. आणि प्रश्नात सॉफ्टवेअर अपडेटवरच्या सहीचा वेगळा उल्लेख करा, नाहीतर ते फक्त लिंकच्या एन्क्रिप्शनचं उत्तर देऊन मोकळे होतील.